लहान बंदराच्या गावात जेवायचं कुठे, प्यायचं काय: जागा ओळखायच्या खुणा

खाडीकाठ (धागाकर्ता)

हॉटेलांच्या नावांची यादी मुद्दाम देत नाही. लहान बंदरात आचारी बदलतात, हंगाम सरला की निम्म्या जागांना कुलूप लागतं, आणि यादी वर्षभरात शिळी होते. बंदराची चाल मात्र फारशी बदलत नाही. ती कळली की अनोळखी गावातही अर्ध्या तासात बरी जागा सापडते. म्हणून इथे खुणा लिहूया, कारणांसकट.

पहिला प्रश्न 'चांगलं हॉटेल कुठलं?' हा नसावा. 'आज होड्या किती वाजता लागल्या?' हा असावा. धक्क्यावर बर्फ फोडणाऱ्या, जाळी शिवणाऱ्या कुणालाही याचं उत्तर माहीत असतं, आणि मासा दुपारी खायचा की रात्री हे त्यावरून ठरतं.

ज्या बंदराच्या तोंडाशी वाळू किंवा गाळ साचतो, तिथे जड होडी भरतीच्या पाण्याशिवाय आत येत नाही. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. सोमवारी सकाळी ७ ला होड्या लागल्या असतील, तर त्याच भरतीला त्या शनिवारी ११ नंतर लागतील. मग माल उतरवणं, निवडणं, लिलाव, साफसफाई. शनिवारी दुपारच्या ताटात 'आजचा' मासा येणं अवघडच, त्या दिवशी रात्रीचं जेवण धरावं. सोमवारी नेमकं उलट: दुपारी खा, रात्री तोच मासा दिवसभर बर्फात राहिलेला असतो. खोल पाण्याच्या बंदरात भरतीची ही अट नसते. तिथे लिलावाची वेळ विचारावी.

'आज उतरला' आणि 'आज पकडला' यांत फरक आहे. लहान होड्या पहाटे जाऊन त्याच दिवशी परततात. ट्रॉलर, म्हणजे मोठं जाळं ओढणारी यांत्रिक होडी, आठ-दहा दिवसही बाहेर असतो. त्याने पहिल्या दिवशी ओढलेला मासा आज धक्क्यावर आला तरी तो आठवडाभर जुना असतो. म्हणून 'कुठल्या होडीचा?' हेही विचारा. उत्तर देताना जागेवाला घुटमळला नाही, तर माल तो स्वतः पाहून घेतो असं धरायला हरकत नाही.

आणि आत बसल्यावर एकच विचारा: 'आज काय नाही?' यादीतलं सगळंच रोज असेल तर ते फ्रीझरमधून येतंय. 'कोळंबी संपली, खेकडे आलेच नाहीत, सुरमई आहे पण लहान आहे' असं उत्तर मिळालं तर निवांत बसा.

शीतपेटी

मांडणी चांगली आहे. पण तासांइतकाच बर्फ महत्त्वाचा, किंबहुना जास्त. समुद्रातल्या माशाची खराबी ० अंश सेल्सिअसला २४ तासांत जितकी होते, तितकी ५ अंशाला साधारण ११ तासांत आणि १० अंशाला ६ तासांत होते. म्हणजे बर्फात नीट पुरलेला कालचा मासा, दुपारभर टोपलीत उन्हात राहिलेल्या आजच्या माशापेक्षा चांगला असतो.

हॉटेलाच्या दारात मासे मांडलेले असतील तर बर्फाकडे बघा. मासा बर्फात पुरलेला हवा, नुसता बर्फावर ठेवलेला नको. खालून गार आणि वरून उन्हात अशी अवस्था झाली की वरची बाजू आधी उतरते. उष्ण हवेत माशाच्या वजनाइतकाच बर्फ लागतो. वितळलेलं पाणी खालून वाहून जायला जागा हवी. रक्ताळ पाण्यात तरंगणारा मासा कितीही चकचकीत दिसला तरी सोडून द्या.

डोळ्यावरून परीक्षा सगळेच करतात, पण बर्फ थेट लागून राहिला की चांगल्या माशाचाही डोळा पांढुरका होतो. कल्ला उचलून बघा: लाल किंवा गडद गुलाबी, चिकट द्रव पारदर्शक, वास समुद्राच्या शेवाळासारखा. तपकिरी कल्ला आणि आंबूस वास म्हणजे उशीर झाला. पाठीवर बोट दाबा, खळगा लगेच भरला पाहिजे. तारलीचं पोट फुटलेलं असेल तर घेऊ नका. तिच्या आतड्यातले पाचक रस मेल्यावर पोटाची भिंतच खातात.

माकूळ (स्क्विड) ताजा असताना त्याच्या कातडीवर तपकिरी ठिपके स्पष्ट दिसतात. नंतर तो पांढरा पडतो, आणि रंग मांसात उतरून गुलाबी झाला की शिळा. कोळंबीचं डोकं काळं पडणं ही विकराची (एन्झाइमची) क्रिया आहे, तेवढ्यावरून ती वाईट ठरत नाही. डोकं सैल होऊन लोंबत असेल तर मात्र नको.

मीठमिरे

मागवायच्या पद्धतीबद्दल लिहितो. ज्याला माशाचा वास म्हणतात तो जिवंत माशाला जवळजवळ नसतो. मेल्यावर जिवाणू मांसातल्या एका घटकापासून ट्रायमिथाइल अमाइन बनवतात, त्याचा तो वास. लिंबातल्या आम्लाने तो दबतो. म्हणून ताट आलं की आधी वास घ्या, मग लिंबू पिळा. दाट मसाल्याचा थर असाच सगळं झाकतो. अनोळखी जागी पहिला पदार्थ कमी मसाल्याचा मागवा: नुसतं मीठ लावून भाजलेला किंवा वाफवलेला. तो जमला असेल तर पुढचं रश्श्याचं बघा.

मुशी (शार्क) आणि पाकट (रे मासा) यांना अमोनियासारखा उग्र वास आला तर परत करा. त्यांच्या मांसात युरिया असतो, ठेवणीत चूक झाली की त्याचा अमोनिया होतो. कुठलाही मसाला त्यावर उपाय नाही.

तळणाचं तेल बघायला आत जावं लागत नाही. दारापर्यंत जळका, डोळ्याला चुरचुरणारा धूर येत असेल, किंवा तळलेल्या तुकड्याचा रंग गडद पण आतून तो ओला असेल, तर तेल थकलेलं आहे. तेल १७० ते १८० अंशांवर हवं. गर्दीच्या वेळी कढईत एकदम दहा तुकडे पडले की ते खाली येतं आणि पीठ तेल पितं. म्हणून तळलेलं खायचं तर जेवणवेळ सुरू होतानाच. गर्दीत रस्सा बरा.

वाटसरू

इतका विचार कशाला? जिथे गर्दी तिथे माल खपतो, जिथे खपतो तिथे ताजा. साधा नियम आहे.

सुकाणू

वाटसरू, गर्दी कसली आहे ते बघावं लागतं. प्रवासी बोट लागली की पाण्यासमोरची पहिली रांग वीस मिनिटांत भरते, ती चवीमुळे नव्हे तर जवळ असल्यामुळे. बोट येण्याआधी तासभर किंवा गेल्यानंतर तासाभराने कुठे माणसं बसली आहेत ते बघा. गमबूट घातलेले खलाशी, बर्फ कारखान्याचे कामगार, लिलावातले लोक, टपालवाला जिथे जेवतात ती गर्दी खरी. अशा जागा बहुधा पाण्याला पाठ करून, मागच्या गल्लीत असतात. समोरच्या रांगेचं भाडं देखाव्यासाठी असतं.

लिलावगृहाच्या फाटकाशी खानावळ असेल तर ती सोडू नका. ती पहाटे उघडते आणि दुपारी लवकर मिटते. तिथे तीन-चारच पदार्थ असतात आणि लिलावात न खपलेला लहान, मिश्र मासा वापरतात. दिसायला साधा, पण बहुतेक वेळा गावातला सर्वांत ताजा माल तोच असतो.

आणखी एक: दोन दिवस वाऱ्याचा इशारा असेल आणि होड्या नांगरून पडल्या असतील, तर ताज्या माशाचा हट्ट सोडा. अंडी, कडधान्य, भाजी किंवा खारवलेला मासा मागवा. वादळाच्या तिसऱ्या दिवशीही 'सगळं ताजं' म्हणणाऱ्या जागेत दुसरं काहीही खाऊ नये.

मीठमिरे

सुकाणूंना अनुमोदन. फक्त ताजेपणाचाही अतिरेक नको. मासा मेल्यावर काही तासांत ताठरतो, मग सैल पडतो. ताठरण्याआधीच कापलेला तुकडा आकसतो. मोठ्या माशाला एक-दोन दिवस बर्फात विसावा मिळाला तर पोत सुधारतो. बांगडा, तारली अशा लहान तेलकट माशांना हे लागू नाही, ते जितक्या लवकर तितके चांगले.

शीतपेटी

आणि गोठवलेला म्हणजे हलका, हेही खरं नाही. समुद्रातच होडीवर गोठवलेला मासा चार दिवस इकडून तिकडे फिरलेल्या 'ताज्या' माशापेक्षा सरस असतो. बिघडतं ते वितळवताना. गरम पाण्यात घाईने वितळवला किंवा वितळवून पुन्हा गोठवला की शिजताना पाणी सुटतं आणि तुकडा कापसासारखा कोरडा लागतो.

चहाबाज

एकदा कुपा (ट्यूना) खाताना जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली, मसाला मात्र नव्हता, असं काही जण सांगतात. त्याचं कारण काय?

शिंपला

चहाबाज, तो घास थुंकायचा आणि ताट बाजूला सारायचं. कुपा, बांगडा, तारली अशा माशांत ठेवण गरम राहिली की जिवाणू हिस्टामिन तयार करतात. एकदा झालेलं हिस्टामिन शिजवून, तळून, गोठवून जात नाही. काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, धडधड, पोटात मुरडा सुरू होतो. लोक याला माशाची अ‍ॅलर्जी समजतात आणि पुढे कारण नसताना मासाच सोडतात. डॉक्टरला कुठला मासा खाल्ला ते नक्की सांगा. श्वासाला त्रास होत असेल तर थांबू नका.

शिंपले, कालवं यांच्याबद्दल मी जास्त कडक आहे. हे प्राणी पाणी गाळून खातात, म्हणजे पाण्यात जे असेल ते त्यांच्यात साठतं. धक्क्याच्या भिंतीवरून किंवा नांगरलेल्या होड्यांच्या आसपासचे शिंपले कुणी खरवडून आणले असतील तर खाऊ नयेत. तिथे सांडपाणी, डिझेल आणि होडीच्या तळाच्या रंगातलं तांबं असतं. जागेवाल्याला विचारा: 'शिंपले कुठल्या पाण्यातले?' शिंपल्यांच्या शेतीतले असतील तर तो आनंदाने सांगतो.

समुद्राला लाल-तपकिरी रंग चढला असेल किंवा शिंपले काढायला बंदीची सूचना लागली असेल तर शिजवलेलेही नकोत. अशा वेळी सूक्ष्म शेवाळातून शिंपल्यांत साठणारं सॅक्सिटॉक्सिन हे विष उकळून नष्ट होत नाही. पाण्याचा रंग साधा दिसला म्हणजे धोका नाही असंही नाही, म्हणून सूचना फलक वाचणं आलंच.

कच्ची कालवं: यकृताचा आजार, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी अजिबात खाऊ नयेत. कोमट समुद्रात व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू वाढतो आणि अशा माणसांत तो जीवघेणा ठरतो. लिंबू, तिखट चटणी, मद्य यांपैकी कशानेही तो मरत नाही. उकळलेल्या शिंपल्यांसाठी नियम असा की कवचं उघडल्यावर आणखी ३ ते ५ मिनिटं उकळत राहायला हवं. घाईत बनवणारे उघडल्याबरोबर उतरवतात, तिथेच चूक होते.

कच्चा किंवा नुसता आम्लात मुरवलेला समुद्री मासा मागवणार असाल तर तो आधी गोठवलेला होता का हे विचारा. त्यातल्या जंतांसाठी −२० अंशांवर ७ दिवस हे प्रमाण धरतात. मीठ-लिंबू पुरत नाही. इथे 'आजच पकडला' हे उत्तर तुमच्या बाजूचं नाही.

काटेकोर

वजनाचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून. यादीत किमतीच्या जागी 'बाजारभावाप्रमाणे' असेल तर तीन गोष्टी आधी ठरवा: भाव किलोचा की नगाचा, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि शिजवण्याचे पैसे वेगळे का. मासा समोर वजनकाट्यावर ठेवायला लावा. अख्ख्या माशाचे काट्याविना तुकडे निघतात ते वजनाच्या साधारण ४० ते ५० टक्के. दोघांना ८०० ते ९०० ग्रॅमचा अख्खा मासा भरपूर होतो. कवचासह किलोभर शिंपल्यांतून मांस निघतं पाव किलोच्या आसपास.

खेकडा जिवंत असेल तरच, आणि हातात घेऊन आकाराच्या मानाने जड लागला तरच. नुकती कात टाकलेला खेकडा दिसतो मोठा, आत पाणी. दोन सारख्या आकाराचे मागवून दोन हातांत तोलून पाहिले की फरक लगेच कळतो. शेवंड टाकीतली असेल तर उचलल्यावर तिने शेपूट पोटाखाली आपटलं पाहिजे. लोंबणारं शेपूट म्हणजे ती बरेच दिवस टाकीत आहे.

कातडी काढलेला पांढरा तुकडा कुठल्या माशाचा हे ओळखणं कठीण, तिथे स्वस्त मासा महागाच्या नावाने खपतो. कातडीसकट तुकडा मागा, किंवा अख्खा मासा दाखवून मग कापायला सांगा.

सोबत लहान मुलं असतील तर कुपा, सुरमई असे मोठ्या काट्यांचे मासे बरे. काटा घशात अडकला तर भाताचा गोळा गिळून ढकलू नका, तो आणखी खोल रुततो. खोकून निघाला नाही तर डॉक्टर. गरोदर बायकांनी मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत, त्यांच्यात पारा साठलेला असतो. लहान मासे त्यांना चालतात.

वाटसरू

गर्दीबद्दलचं पटलं. शाकाहारी माणूस सोबत असेल तर काय करायचं?

मीठमिरे

'शाकाहारी मिळेल का?' असं विचारू नका, उत्तर बहुधा 'हो' येतं. 'तळायची कढई वेगळी आहे का? रश्श्यात माशाचं पाणी किंवा सुकी कोळंबी आहे का?' असं विचारा. लहान स्वयंपाकघरात कढई एकच असते, म्हणून तळलेलं सोडून उकडलेलं, परतलेलं घ्यावं. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी तर हे जास्तच गंभीर आहे, त्यांनी त्या कढईतले बटाटेही खाऊ नयेत. भाजीबाजाराजवळची जागा धक्क्याजवळच्या जागेपेक्षा सोयीची पडते.

चहाबाज

पिण्याचं कुणी लिहीत नाही, म्हणून घेतो.

बंदरात बर्फ दोन कामांचा असतो आणि ते दोन्ही एकमेकांत मिसळता कामा नयेत. माशासाठी मोठ्या लाद्या येतात, त्या जमिनीवर ओढल्या जातात, पोत्यात फोडल्या जातात. तोच चुरा पेल्यात पडत असेल तर पिऊ नका. गोठल्याने जंतू मरत नाहीत. एकसारख्या आकाराचे, मधे भोक असलेले तुकडे यंत्रातले असतात, ते त्यातल्या त्यात बरे. शंका असेल तर बर्फाशिवाय मागा.

किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. विहीर जास्त उपसली की खालचं खारं पाणी वर सरकतं. उकळून जंतू मरतात, मीठ मात्र जात नाही, उलट किंचित दाट होतं. पाणी निदान १ मिनिट खळखळ उकळलेलं हवं. चहा-कॉफी मचूळ लागली तर त्या जागेचा रस्साही खारट लागणार, आचारी मीठ अंदाजाने घालतो.

गावातला सर्वांत भरवशाचा पेला म्हणजे लिलावगृहाजवळच्या टपरीवरचा पहाटेचा चहा. होड्या येण्या-जाण्याच्या वेळी किटली सतत उकळत असते, दूध तासाभरात संपतं, काहीच साचून राहत नाही. दुपारी ३ वाजता त्याच टपरीवर तो चहा पुन्हा पुन्हा तापवलेला असतो.

मद्य घेणार असाल तर जागा धक्क्याच्या कठड्यापासून दूर निवडा. लहान बंदरांत कठड्याला बऱ्याचदा रेलिंग नसतं, बांधायचे दोर अंधारात दिसत नाहीत, आणि ओहोटीला पाणी काही मीटर खाली गेलेलं असतं. पडलेल्या माणसाला वर यायला शिडीच सापडत नाही. दुसऱ्या दिवशी बोटीने जायचं असेल तर आदल्या रात्रीचं पिणं टाळा, बोट लागण्याचा, म्हणजे मळमळण्याचा, त्रास त्याने वाढतो.

शीतपेटी

बसायची दिशाही बघा. दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, रात्री उलट. दुपारी धक्क्यावर बसलात तर स्वच्छ वारा, मागच्या गल्लीत मात्र धक्क्यावरचा सगळा वास. रात्री नाला आणि कचराकुंडी गावात असेल तर त्यांचा वास पाण्यासमोरच्या टेबलांवर येतो. म्हणून दुपारी पाण्यासमोर, रात्री गल्लीत.

वाटसरू

शेवटची शंका. उतरल्यापासून पुढची बोट सुटेपर्यंत दोनच तास असतील, तर एवढं सगळं कसं बघायचं?

सुकाणू

दोन तासांत जमतं, क्रम मात्र नीट ठेवा. उतरल्यावर समोरच्या रांगेत बसू नका, बोटीतली सगळी माणसं तिथेच शिरतात आणि स्वयंपाकघर तुंबतं. आधी तिकीटखिडकीवर परतीची वेळ नक्की करा. भरतीवर चालणाऱ्या बोटीची वेळ छापील फलकापेक्षा वेगळी असू शकते. मग दहा मिनिटं लिलावगृहाकडे: आज काय उतरलं, किती वाजता, एवढंच. तिथून मागच्या गल्लीत जा आणि 'आज काय नाही?' विचारा.

अख्खा भाजलेला मासा मागवू नका. किलोभराच्या माशाला निखाऱ्यावर २५ ते ३० मिनिटं लागतात, घाई केली की काट्याजवळ कच्चा राहतो. माशाचा मध्य ६३ अंशांपर्यंत तापलेला हवा. घरगुती खूण म्हणजे मांस अपारदर्शक होऊन काट्यापासून सहज सुटतं. वेळ कमी असेल तर तयार रस्सा आणि भात, किंवा पातळ तुकडे तळलेले. मागवतानाच बोटीची वेळ सांगा आणि पैसे लगेच देऊन टाका. लहान गावात नेटवर्क अडतं तेव्हा कार्ड आणि फोन दोन्ही चालत नाहीत, थोडी रोकड जवळ हवी.

दुपारी अडीच-तीनला उतरत असाल तर बहुतेक चुली विझलेल्या असतात. तेव्हा मासा शोधत फिरू नका, बेकरीचा पाव आणि उकडलेली अंडी घ्या. बोटीत मळमळत असेल तर उपाशीपोटी चढू नका, सुटायच्या तासभर आधी कोरडं, बिनतेलाचं थोडं खा. सुटायच्या १५ मिनिटं आधी धक्क्यावर असा, आणि ओहोटी असेल तर खालच्या पायऱ्यांवर शेवाळ उघडं पडलेलं असतं, तिथे हातातली पिशवी खांद्याला लावून दोन्ही हात मोकळे ठेवूनच उतरा.